‘करेल’ चूक नाही

‘सरकार चौकशी करेल’ असे कुणी लिहिले की टोकणारा हजर : ‘करेल’ अशुद्ध, ‘करील’च शुद्ध! शिक्षकांकडून, स्पर्धा परीक्षांच्या वर्गांतून हे ऐकून कान किटले.

या समजुतीमागे खरा नियम आहे, आणि तो सुंदर आहे. संत गोरा कुंभारांच्या, म्हणजे गोरोबाकाकांच्या, तेरचा दाखला घेऊ. कुंभार माती तुडवील, थापटण्याने मडके ठोकील, आव्यात भाजील. पण मडके सुकेल, पडेल, फुटेल. सकर्मकाला ‘ई’, अकर्मकाला ‘ए’. ‘तो पत्र वाचील’ आणि ‘रोगी वाचेल’ हा फरक त्यामुळे नुसत्या कानाला कळे. शंका असेल त्यांनी झ्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या विकासावरचा ग्रंथ पाहावा, वा. गो. परांजपे यांचा मराठी अनुवाद 1941 चा आहे.

पण टोकणाऱ्यांपैकी कितीजण हा नियम पाळतात? ‘तो सांगेल’, ‘ती म्हणेल’ हे ते स्वतःच बिनदिक्कत लिहितात. दोन्ही क्रियापदे सकर्मक! मग सगळा राग ‘करेल’वरच का? उलट ‘जाईल’, ‘येईल’ अकर्मक असून त्यांत ‘ई’ आहे. म्हणजे ‘ई’ शुद्ध नि ‘ए’ अशुद्ध, हे मुळातच खोटे. ग्रामीण बोलीत तर ‘करंल’ आणि ‘बसंल’ एकाच वळणाचे, आणि कुणाचे काही अडत नाही. परभाषेचा दाखला घ्या : स्पॅनिशमध्ये क्रियापदांचे तीन गट आहेत. वर्तमानकाळात त्यांची रूपे वेगळी होतात, पण भविष्यकाळात नियमित क्रियापद अख्खे ठेवून तिन्ही गटांना एकच प्रत्यय लागतात : आब्लारे (बोलेन), कोमेरे (खाईन), बिबिरे (जगेन). गटांचा भेद दिसला नाही म्हणून ती भाषा ढासळली नाही.

 

 

‘मी करेल’ची गोष्ट मात्र वेगळी. प्रमाण मराठीत ‘न’ बोलणाऱ्याचा आणि ‘ल’ तिसऱ्याचा : मी करेन, तो करेल. हा भेद आजही जिवंत आहे आणि कामाचा आहे. शिक्षकांनो, वहीतल्या ‘तो करेल’वर लाल फुली मारू नका, ‘मी करेल’ दिसले तर जरूर मारा.