धाकट्याला कोण सांभाळील?

दर महिन्याच्या अखेरीस शाळेची हजेरीपत्रके तपासण्याचे काम मुख्याध्यापक या नात्याने माझ्याकडे येते. काम रूक्ष खरे; परंतु वर्षानुवर्षांच्या सवयीने त्या कोरड्या खुणांतूनही घरोघरच्या हकिकती वाचता येऊ लागतात. दोन वर्षांपूर्वी तिसरीच्या हजेरीपत्रकात एका मुलीच्या नावापुढे ओळीने सतरा दिवस गैरहजेरी दिसली. मुलगी हुशार, अक्षर नेटके. आजारपणाचीही काही वार्ता नव्हती. तेव्हा एका सायंकाळी तिचे घर शोधीत मी लिंबायत भागातील एका गल्लीत गेलो.

मुलगी दारातच बसली होती. मांडीवर सव्वा वर्षाचा भाऊ होता. आत तिची आई साडीवर टिकल्या चिकटवीत होती. वडील लूमच्या खात्यावर बारा तासांच्या पाळीला गेलेले. मंडळी मूळची खानदेशातली. घरात दुसरे वडीलधारे माणूस नाही. "गुरुजी," माउली म्हणाली, "हिला शाळेत धाडली तर धाकट्याला कोण सांभाळील? साड्या वेळेवर दिल्या नाहीत तर शेठ दुसरीला काम देतो." मी जवळच्या अंगणवाडीविषयी विचारले. तेथे इतके लहान मूल दिवसभर ठेवून घेत नाहीत आणि मोठ्या मुलांचीही दुपारी सुट्टी होते, असे उत्तर मिळाले. उपदेशाचे चार शब्द मनात जुळवून मी गेलो होतो. ते तसेच घेऊन परतलो.

युरोपातील शहरांत बालसंगोपनगृहांतील जागांसाठी लांबच लांब प्रतीक्षायाद्या असतात, हे आपण वाचतो. जर्मनीने तर १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पुरे झालेल्या प्रत्येक बालकास अशा जागेचा कायदेशीर हक्क दिला. लायपझिग शहरातील काही मातांना वेळेवर जागा मिळाली नाही, तेव्हा नगरपालिकेच्या दोषामुळे जागा न मिळाल्यास बुडालेल्या वेतनाची भरपाई मागता येते, असा निर्णय तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. आपल्याकडे अशी यादी दिसत नाही. याचा अर्थ गरज नाही असा नव्हे. नाव नोंदवावे अशी वहीच कोठे नाही, एवढाच. आमच्यापुरती ती यादी शाळेच्या हजेरीपत्रकात, थोरल्या बहिणींच्या गैरहजेरीच्या रूपाने लिहिली जाते.

हा प्रश्न केवळ लिंबायत-उधन्याचाच आहे, असेही कोणी समजू नये. अडाजण-रांदेरकडील आपल्या नोकरदार कुटुंबांतही बाळंतपणाची रजा संपत आली की गावाकडील आजींना निरोप जातो. आजी येतात, आजोबा गावी एकटे राहतात, आणि दोन घरांचा संसार कसाबसा चालतो. आजी येऊ शकल्या नाहीत तर सुनेची नोकरी जाते.

वास्तविक या विषयात आपली परंपरा मोठी आहे, आणि ती गुजरात व महाराष्ट्र या दोहोंची मिळून आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना जाऊन मिळाल्या. पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालवाडीचे काम आरंभले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांत काम करताना त्यांना आढळले की, धाकटी भावंडे सांभाळावी लागतात म्हणून मोठ्या मुली शाळेला मुकतात. यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी हे नाव दिले. सुरतेहून मुंबईच्या गाडीत बसले की ही ठिकाणे वाटेवरच लागतात. लिंबायतेत मला पडलेल्या कोड्याचे उत्तर तेथे कधीच शोधून झाले होते.

सरकारनेही काही केले नाही असे नाही. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. गुजरातेत २०२३ च्या जूनपासून पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षे पूर्ण असण्याची अट आली, आणि पाच वर्षांच्या मुलांसाठी शाळांतून बालवाटिका सुरू झाल्या. हे स्वागतार्ह आहे. परंतु बालवाटिका पाच वर्षांच्या मुलांसाठी, अंगणवाडीचा वर्ग तीन वर्षांपासून पुढे. तीन वर्षांखालील मुलाला दिवसभर कोठे ठेवावे, हा प्रश्न उरतोच. कारखान्यांतील पाळणाघराची तरतूद १९४८ च्या कायद्यात होती. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ती लागू झाली. पण घरी बसून नगावर साड्यांचे काम करणाऱ्या बाईचा कारखाना कोणता? तिचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते. म्हणून हा कायदा तिच्या दारापर्यंत येत नाही.

तिच्यासाठी मार्ग आहे तो सार्वजनिक पाळणाघराचाच. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पंचवीस मुलांना एक सेविका व एक मदतनीस, सहा महिने ते सहा वर्षे हा वयोगट, आणि दिवसाला साडेसात तास असे प्रमाण ठरविले होते. २०२२ पासून 'पालना' या नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची योजना आली आहे. शिवाय, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील निदान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिला. आपल्या वस्त्यांतून चाळीस मुले मोजणे मुळीच कठीण नाही. कठीण आहे ते कोणीतरी वही घेऊन दारोदार जाणे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगणे प्राप्त आहे. आम्ही शाळेत मातांची बैठक घेतली. त्याच गल्लीतील एका वयस्क बाईंनी पाच मुले सकाळच्या वेळी सांभाळण्याचे कबूल केले. प्रत्येक आई त्यांना महिन्याला थोडे पैसे देते. मुलगी आठवड्यातील चार दिवस शाळेत येऊ लागली. त्या बाई आजारी पडल्या की पाचही घरांतील व्यवस्था कोलमडते, आणि उरलेले दोन दिवस अद्याप आम्हांला जिंकता आलेले नाहीत. एका माणसाच्या भलेपणावर उभी राहिलेली सोय फार काळ टिकत नाही, हे त्यातून आम्ही शिकलो.

म्हणून परप्रांतातील आपल्या मराठी मंडळांना एक विनंती करावीशी वाटते. गणेशोत्सव, हळदीकुंकू आणि व्याख्याने एवढे दिवस सोडले तर आपली सभागृहे दिवसा बहुधा कुलपात असतात. त्यांतील एक खोली सकाळी नऊपासून सायंकाळी पाचपर्यंत मुलांसाठी उघडता येईल काय? सेवानिवृत्त शिक्षिका आपल्यात पुष्कळ आहेत. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी निदान आपल्या वस्तीतील सहा वर्षांखालील मुलांची नावे एका वहीत लिहावीत आणि ती वही अर्जासह महानगरपालिकेच्या कचेरीत नेऊन द्यावी. कोणत्या गल्लीत किती मुले जागेच्या प्रतीक्षेत आहेत, हे एकदा कागदावर आले म्हणजे त्याकडे डोळेझाक करणे कोणालाही सोपे जाणार नाही.