टॅब दुरुस्त करायला बसलात? थांबा, आधी हे वाचा!

तुमच्याही घरी असेल एखादा. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन लेक्चर्ससाठी घेतलेला, 7 इंची, स्वस्तातला टॅब. आमचा आधी मी वापरला, मग तो धाकट्या भावाकडे गेला. त्याच्या बारावीच्या नोट्सचे फोटो, क्लासमधली रेकॉर्डिंग्ज, सगळं त्यातच. बॅकअप? शून्य. आणि प्रिलिमच्या 10 दिवस आधी टॅब गेला. ना चार्जिंग, ना लाइट. कोपऱ्यावरच्या दुकानात म्हणाले, ‘बोर्ड गेलंय, नवीन घ्या.’ मी दोन व्हिडिओ बघितले आणि बाबांचा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले.

तुम्ही असं लगेच बसू नका. आधी केबल आणि अ‍ॅडॉप्टर दोन्ही बदलून बघा. चार्जिंग पोर्टमध्ये टॉर्च मारा. बॅगेतली धूळ, कपड्यांचे धागे तिथे घट्ट बसलेले असतात, ते टॅब बंद असताना लाकडी टूथपिकने हळूच काढा. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर स्क्रीनवर काही दिसायलाच अर्धा-एक तास लागू शकतो. मग पॉवर बटण 20-30 सेकंद दाबून धरा. कुणी ‘फॅक्टरी रीसेट मार’ म्हणालं तर ऐकू नका, कारण त्यात डेटाच पुसला जातो.

आणि मागचं कव्हर फुगलेलं दिसलं, तर विषय तिथेच संपला. आत लिथियम बॅटरी असते, ती खराब झाली की आत गॅस तयार होतो. तिला टोचलं किंवा दाबलं तर आग लागू शकते. चार्जिंगला लावू नका आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

आमचं कव्हर सपाट होतं, म्हणून उघडायचं ठरवलं. अशा टॅबचं कव्हर बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या खाचांवर बसवलेलं असतं. ते गिटारच्या पिकने किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने, कडेकडेने सोडवायचं असतं. मी स्क्रूड्रायव्हर घातला. तो सटकला आणि आतली एक नारिंगी पट्टी कापली गेली. ती टचस्क्रीनची केबल होती, हे मला नंतर कळलं.

आत मात्र खरा आजार दिसला. चार्जिंग पोर्ट चक्क हलत होता. केबल एका बाजूला दाबून धरली की चार्जिंगचं चिन्ह यायचं. म्हणजे बोर्ड गेलंच नव्हतं! पण पोर्टच्या त्या बारीक पिना घरच्या सोल्डरिंग गनने जोडणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. मी कव्हर लावलं आणि पुण्यातली तपकीर गल्ली गाठली. (मुंबईकरांसाठी लॅमिंग्टन रोड आहेच.) तिथल्या काकांनी 200 रुपयांत नवीन पोर्ट बसवून दिला.

टॅब सुरू झाला. पण टच बंद! ही माझी करामत. नवी टच काच घ्यायची तर केबलवरचा नंबर जुळावा लागतो. नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या काचा असू शकतात. आमच्या नंबरची मिळाली नाही. माझा चेहरा बघून काका म्हणाले, ‘घरी माऊस आहे ना?’

ही ट्रिक लक्षात ठेवा. डिस्प्ले चालू असेल, तर ओटीजी अ‍ॅडॉप्टर लावून साधा कॉम्प्युटरचा माऊस जोडा. बहुतेक अँड्रॉइड टॅबवर बाण दिसायला लागतो. मी पिनसुद्धा माऊसनेच टाकला. फक्त टॅब आधी फुल चार्ज करून घ्या. पोर्ट एकच असतो, तिथे माऊस लावला की चार्जिंग बंद. दोन तास बसून सगळ्या फाइल्स मेमरी कार्डवर घेतल्या. कार्ड काढून भावाच्या हातात दिलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘ताई, पुढच्या वेळी स्क्रूड्रायव्हर नको.’

हिशोब केला तर मी काहीच दुरुस्त केलं नाही. एक बिघाड काकांनी काढला, एक मी नवीन केला. पण उघडून बघितलं नसतं, तर ‘बोर्ड गेलंय’ हेच खरं मानून नोट्ससकट टॅब भंगारात गेला असता. तेव्हा उघडा, बघा, नेमकं काय बिघडलंय ते समजून घ्या आणि कुठे थांबायचं तेही ठरवा.

आणि हो, बॅकअप आज रात्रीच घ्या. टॅब चालू आहे तोवर.