जुन्या कॉम्प्युटरचा ऑनलाइन मागवलेला पार्ट खराब निघाला? पैसे परत मिळवायचे ते असे

ग्रामीण प्रतिनिधी : गावातल्या दूध संकलन केंद्रावरचा कॉम्प्युटर बघितला तर बऱ्याच ठिकाणी तो बारा-पंधरा वर्षं जुना असतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, नवीन का घेत नाहीत? त्याला कारण आहे. वजनकाटा आणि फॅट मशीन ज्या नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टला जोडलेलं असतं, तो पोर्ट नव्या कॉम्प्युटरला बहुतेक वेळा येतच नाही. पावतीच्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची २५ पिनांची केबलही तशीच. सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवर बसवलेलं, आणि ते बसवून देणारा माणूस कधीच फोन उचलायचा बंद झालेला. त्यामुळे आहे ते मशीन चालवत राहायचं. झेरॉक्सच्या दुकानात, वे-ब्रिजवर, पतसंस्थेतही हीच गोष्ट.

असं मशीन बंद पडलं की पंचाईत होते. सकाळी दूध येतंच, ते थांबत नाही. वहीत लिहून घ्यायचं, रात्री जागून हिशोब लावायचा, आणि दहा दिवसांच्या बिलात दोन-चार जणांचा फॅट चुकला की वाद. तालुक्याच्या दुकानात जुना मदरबोर्ड किंवा रॅम मिळत नाही. मग मोबाइलवरून ऑनलाइन मागवतात. पार्ट येतो, लावतात आणि स्क्रीन काळीच राहते. परत पाठवायला गेलं की विक्रेता म्हणतो, "पार्ट चांगला आहे, तुम्ही चुकीचा लावला." हजार-दोन हजार रुपये अडकतात आणि बहुतेक लोक नाद सोडून देतात. खरं तर कायदा इथे ग्राहकाच्या बाजूने आहे. फक्त पुरावा पहिल्या दिवसापासून सांभाळावा लागतो.

आधी एक शंका फेडा : पार्ट खराब आहे की जुळत नाही?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि निम्मी भांडणं इथेच होतात. जुन्या मशीनमध्ये डीडीआर२ आणि डीडीआर३ अशा दोन जातींची रॅम येते. दोघींची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावला तर स्लॉट तुटतो आणि मग तक्रार करायची सोयच राहत नाही. आपल्याकडे भरपूर चाललेल्या जी३१ बोर्डाला डीडीआर२ लागते. जी४१ मध्ये मात्र काही बोर्ड डीडीआर२ चे आहेत, काही डीडीआर३ चे. नुसतं "जी४१ ची रॅम पाठवा" म्हणून भागत नाही, जुनी पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचूनच ऑर्डर द्यावी.

यात आणखी एक फसगत आहे. डीडीआर२ ची चार जीबीची पट्टी फार स्वस्तात दिसते. त्यातल्या कित्येक फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात, इंटेलवर नाही. ते खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कधी कधी लिहिलेलंच नसतं. सर्व्हरमधून काढलेली रॅमही अशीच विकली जाते, ती साध्या डेस्कटॉपवर चालत नाही. जाहिरातीत "फक्त एएमडीसाठी" असं स्पष्ट लिहिलं असेल आणि तरी तुम्ही घेतली, तर तुमची बाजू लंगडी पडते. पण "सर्व मदरबोर्डला चालते" असं लिहून ती पाठवली असेल, तर पार्ट धडधाकट असला तरी तो वर्णनाप्रमाणे नाही. अशा मालाचे पैसे परत मागता येतात. म्हणून ऑर्डर देतानाच जाहिरातीच्या पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. नंतर विक्रेता ते पान बदलतो किंवा काढूनच टाकतो.

बॉक्स आला की घाई नको

व्हिडिओ काढल्याशिवाय टेपला ब्लेड लावू नका. कायद्यात "अनबॉक्सिंग व्हिडिओ हवाच" असं कुठे लिहिलेलं नाही, पण कंपन्या तो मागतात आणि नसला की टाळाटाळ सुरू होते. व्हिडिओ मध्ये न थांबवता काढायचा. आधी बॉक्सच्या सहा बाजू, पत्त्याचं लेबल, कुरियरचा नंबर, मग टेप कापणं, मग पार्टवरचा सिरीयल नंबर वाचता येईल इतका जवळून. घरातल्या पोराला मोबाइल धरायला सांगितलं की झालं.

मदरबोर्ड असेल तर प्रोसेसर बसवण्याआधी सॉकेटचा फोटो हवाच. इंटेलच्या ७७५ सॉकेटमध्ये पिना बोर्डावरच असतात, केसासारख्या बारीक. एखादी वाकलेली निघाली तर विक्रेता हमखास म्हणणार की तुम्हीच वाकवली. आधीचा फोटो असला की तोंड बंद. बोर्डावरचे छोटे डबीसारखे कपॅसिटर बघा. त्यांचं डोकं सपाट असायला हवं. फुगलेलं किंवा चिकट डाग आलेला असेल तर बोर्ड आतून गेलेला आहे. त्याचाही फोटो घ्या आणि असा बोर्ड चालू करायच्या भानगडीत पडू नका.

आता तपासणी. रॅमच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसा, एका वेळी एकच पट्टी लावा, स्लॉट बदलून बघा. बोर्डावरचा रुपयाएवढा गोल सेल, ज्याच्यावर २०३२ लिहिलेलं असतं, तो तीन व्होल्टचा असतो. जुन्या बोर्डात तो उतरलेला असतो आणि काही बोर्ड त्याच्यामुळेच नीट सुरू होत नाहीत. एवढं करूनही चाललं नाही तर पार्ट दुसऱ्या चालू मशीनवर लावून बघायचा. रॅमसाठी मेमटेस्ट८६ नावाचा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवता येतो. त्यात लाल अक्षरात चुका आल्या तर त्या स्क्रीनचा फोटो हा चांगला पुरावा. हार्ड डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो आहे. तो डिस्क आजवर किती तास चालली ते दाखवतो. "नवीन" म्हणून आलेली डिस्क ३०,००० तास चाललेली दिसली, तर ती जवळपास साडेतीन वर्षं अखंड फिरलेली आहे.

हे सगळं तालुक्याच्या मेकॅनिककडून करून घेतलं तर त्याच्याकडून बिलाच्या कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात. पार्टचा सिरीयल नंबर, कोणत्या मशीनवर तपासला, काय झालं, तारीख, सही-शिक्का. मात्र त्याला पार्टवर कावियाने डाग द्यायला किंवा वॉरंटीचं स्टिकर काढायला देऊ नका.

कायदा काय म्हणतो

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. या नियमांनुसार माल सदोष असेल, जाहिरातीत लिहिल्याप्रमाणे नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला असेल, तर ऑनलाइन विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. "फक्त बदलून मिळेल, पैसे मिळणार नाहीत" असं पानावर लिहिलं म्हणून हा नियम रद्द होत नाही.

दुसरी गोष्ट जुन्या पार्टच्या बाबतीत फार कामाची आहे. जुना, दुरुस्त केलेला, पुन्हा बांधलेला माल नवीन म्हणून विकणं, याला कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हटलं आहे. जुना बोर्ड जुना म्हणून विकला तर काही गैर नाही. त्यालाच रंगरंगोटी करून, नव्या खोक्यात घालून "ब्रँड न्यू" म्हणून पाठवलं तर आहे. बिल न देणं हीही अनुचित प्रथाच. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणं हेही त्याच यादीत येतं.

इथे एक अडचण येऊ शकते. कायद्याने "ग्राहक" कोण? व्यापारी कारणासाठी माल घेणारा ग्राहक धरला जात नाही. पण स्वतः राबून, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू याला अपवाद आहे. स्वतः केंद्र चालवणारा, झेरॉक्सचं दुकान सांभाळणारा माणूस या अपवादात बसू शकतो. म्हणून तक्रारीत "हा माझा उदरनिर्वाहाचा स्वयंरोजगार आहे" हे वाक्य स्पष्ट लिहा. ऑर्डर देताना जीएसटी नंबर टाकून धंद्याच्या नावाने बिल घेतलं, तर समोरचा वकील तिथेच बोट ठेवणार, हे ध्यानात असू द्या.

तक्रारीचा क्रम

पहिली तक्रार अॅपमध्येच, परतीची मुदत संपायच्या आत. मुदत सात दिवस असेल आणि बॉक्स मका काढणीच्या गडबडीत आठ दिवस कोनाड्यात पडून राहिला, तर विनाकारण वाद वाढतो. कारण निवडताना "नको आहे" निवडू नका, "खराब आहे" किंवा "वर्णनाप्रमाणे नाही" निवडा. एवढ्या एका शब्दावर प्रकरण फिरतं. फोनवर बोललेलं हवेत जातं, म्हणून चॅट किंवा ईमेलवरच बोलावं आणि त्याचे स्क्रीनशॉट ठेवावेत.

नकार आला तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर देणं कंपनीला बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असा नियम आहे. "विक्रेता वेगळा, आमचा संबंध नाही" हे उत्तर ठरलेलं असतं. अशा वेळी विक्रेत्याचं नाव आणि पत्ता लेखी मागा. तो देणं प्लॅटफॉर्मचं काम आहे.

यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तक्रारीचा डॉकेट नंबर मिळतो. मोठ्या कंपन्या या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत, त्यामुळे हजार-दोन हजारांची प्रकरणं पुष्कळदा इथेच मिटतात. पण हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, ती समजुतीने सोडवते, हुकूम काढत नाही.

खेड्यात आणखी एक प्रश्न येतो. "तुमच्या पिनकोडवर परतीचा माल उचलत नाही, तुम्हीच पाठवा." पाठवायचा तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा, आणि पॅक करतानाही व्हिडिओ काढा. पोस्टाचा खर्चही पैशांसोबत मागायचा.

हे मात्र टाळा

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे भामट्यांचे नंबर पडलेले असतात. "रिफंड देतो" म्हणून ते स्क्रीन शेअर करणारं अॅप घ्यायला लावतात किंवा क्यूआर कोड पाठवतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. असं काही झालंच तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन करा.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा जुन्या वस्तूंच्या जाहिरातीतून एखाद्या खासगी माणसाकडून पार्ट घेतला असेल तर गोष्ट वेगळी. घरातला जुना पीसी एखादवेळी विकणाऱ्या माणसाला ई-कॉमर्सचे नियम लागू नाहीत. तिथे आगाऊ पैसे पाठवू नका. समोर बसून, मशीन चालू करून बघून मगच पैसे द्या.

शेवटचं दार : जिल्हा आयोग

हेल्पलाइनने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ई-जागृती पोर्टलवर मोबाइलवरूनही तक्रार दाखल होते. विक्रेता आणि प्लॅटफॉर्म दोघांनाही विरुद्ध पक्ष करावं, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतात.

कायद्यात निकालासाठी तीन महिने, आणि मालाची तपासणी लागली तर पाच महिने अशी मुदत लिहिलेली आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो. सातशे रुपयांच्या रॅमसाठी एवढं करायचं का, हा ज्याचा त्याचा हिशोब. पण पार्टच्या किमतीबरोबर पोस्टखर्च, मेकॅनिकची मजुरी, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्चही मागता येतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. तोवर तो खराब पार्ट, त्याचं खोकं आणि मोबाइलमधला व्हिडिओ जपून ठेवा. व्हिडिओची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून घ्या, कारण मोबाइलची मेमरी भरली की घरातली पोरं सगळ्यात मोठी फाइल आधी उडवतात.