ताकद नंतर, ब्रेक ऑइल आधी

"भाऊ, गाडी ट्रॅकवर न्यायचीय. आधी रीमॅप, मग सायलेन्सर." नंबरप्लेट जळगावची एमएच-१९ असो की धुळ्याची एमएच-१८, यादी हीच. ब्रेकचं नाव त्यात शोधूनही सापडत नाही.

ताकद आली की झालं, हा समज ड्रॅग रेसच्या व्हिडिओंतून पसरलाय. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या 'व्हॅली रन'मध्ये सरळ रेषेत एकदा पळायचं आणि थांबायचं. पुढच्या पाळीपर्यंत गाडी गार होते. तिथे ताकदच जिंकते, मान्य. पण ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, वळणावळणांचं. तिथे दर फेरीत पुन्हा पुन्हा करकचून ब्रेक, आणि मध्ये डिस्क गार व्हायला जेमतेम काही सेकंद. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. १६० वरून थांबताना ८० च्या चौपट उष्णता निघते. रीमॅपने वेग वाढवलात, तर हे ओझं आणखी वाढवलंत. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरणाऱ्या भरल्या गाडीच्या ब्रेकचा जळका वास ज्याने घेतलाय, त्याला हे सांगायला नको.

त्यात ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ मानकानुसार नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस हवा. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच अट १५५ वर येते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही. ट्रॅकआधी ऑइल बदलणं हा रीमॅपच्या मानाने चिल्लर खर्च आहे. सोबत जास्त उष्णता सोसणारे पॅड घ्या. पण ऑइल बदलल्याचा व्हिडिओ कोण बघणार!

"मग मोठ्या डिस्क टाकू, गाडी लवकर थांबेल." नाही थांबणार. एबीएस चालू होतंय, म्हणजे ब्रेकचा जोर पुरेसा आहे. संपलीय ती टायरची पकड. मोठी डिस्क उष्णता जास्त पचवते, इतकंच. उरलेले पैसे चांगल्या टायरवर घाला.

नायट्रोजन भरला की दाब वाढत नाही? साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दाब वाढतोच, टायर तापल्यावर मोजा, जादा हवा सोडा आणि घरी निघताना पुन्हा भरा. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली, तर ती रस्ता धरण्याऐवजी बंपस्टॉपवर आदळते. आणि भुसावळच्या मे महिन्यातली ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते, तेव्हा डायनोच्या कागदावरचे ताकदीचे आकडे इथे जसेच्या तसे मिळणार नाहीत.

"ट्रॅकसाठी केलंय, आरटीओ काही म्हणत नाही." म्हणतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, हेही वाचून ठेवा.

राहिला "रात्रीचा बायपास म्हणजे आपला ट्रॅकच". सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा त्याच कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि रावेर-सावद्याची केळी भरलेले ट्रक रात्रीही धावत असतात.