व्यवसाय आणि जबाब

‘व्यवसाय’ हा शब्द आपण धंदा या अर्थी सर्रास वापरतो. परंतु संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘निश्चय’ असा आहे. निश्चयी पुरुषाची बुद्धी एक असते आणि अनिश्चयी माणसाच्या बुद्धीस अनंत फाटे फुटतात, असे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. हा अध्याय मी मुलांना वर्षानुवर्षे शिकविला. पण त्याचे मर्म मला उमगले ते निवृत्तीनंतर, एका वाणसामानाच्या दुकानात.

लोणारजवळच्या आमच्या सुलतानपुरात माझ्या एका विद्यार्थ्याचे लहानसे दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी तो खिन्न होऊन मजकडे आला. “गुरुजी, दुकानात गिऱ्हाईक आहे, पण गल्ल्यात पैसा नाही. दुकान मोडून पुण्यास नोकरी पाहावी म्हणतो.” वडिलांचे शेत या दुकानापायी गहाण पडलेले! मी म्हटले, “वही दाखव.” वही नव्हतीच.

वाणसामानाच्या जोडीस त्याने कटलरी, मोबाइलचे सामान, मांडवाचे साहित्य असे नाना व्याप आरंभिले होते. घरचे तेल-साखर दुकानातूनच जाई, त्याची नोंद नसे. काकांच्या शब्दाखातर उधारी दिली जाई. पेरणीच्या दिवसांत दिलेली उधारी सोयाबीन-कापूस विकला जाईतो थकणारच. पण कोणाकडे किती येणे आहे, हे केवळ त्याच्या स्मरणात!

अशा वेळी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आठवते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावास आले. तेथे बंधूंसह त्यांचे सायकलींचे दुकान होते. पुढे त्यांनी आपले लक्ष शेतीच्या अवजारांवर एकवटले. १९०३ साली त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला. पण लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली! तरीही त्यांनी नांगर सोडला नाही. १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती या चिकाटीच्या पायावर.

परंतु निश्चय एकट्याने टिकत नाही. नोकरीत वरिष्ठ विचारणारा असतो. दुकानदार स्वतःचाच धनी, त्यास कोण विचारणार? ‘जबाबदारी’ या शब्दात ‘जबाब’ आहे, हे आपण विसरतो. ज्यास कोणी प्रश्न करीत नाही, त्याच्यापाशी उत्तरही तयार राहत नाही.

म्हणून आम्ही तीन नियम ठरविले. पहिला, मांडव व मोबाइल बंद. वाणसामान तेवढे ठेवावयाचे. दुसरा, रोज रात्री रोजकीर्द लिहिल्यावाचून कुलूप लावावयाचे नाही, आणि घरात गेलेली साखरसुद्धा घराच्या खाती उधार मांडावयाची. मोबाइलवरून येणारा पैसाही दुकानाच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावयाचा. तिसरा, दर रविवारी सकाळी वही घेऊन त्याने मजपुढे बसावयाचे.

पहिल्या महिन्यात घराच्या नावावरचा आकडा पाहून त्याच्या आई थक्क झाल्या. काका रुसले, “घरच्या माणसाची उधारी मांडता काय?” म्हणून चार दिवस बोलले नाहीत. एका रविवारी तो आलाच नाही. मी दुकानी गेलो. वहीची सहा पाने कोरी होती. रागावलो नाही, शेजारी बसून बिले जुळवू लागलो. तो खाली मान घालून लिहू लागला. त्यानंतर त्याचा रविवार चुकला नाही.

शेत अद्याप सुटलेले नाही. पण निम्मे कर्ज फिटले आहे, आणि उरलेले किती, हे त्यास पैशासकट ठाऊक आहे. पुण्याची भाषा आता निघत नाही.

वाचकहो, आपल्या एकत्र कुटुंबांत कोणी मुलगा वा सून लहानसा धंदा करीत असेल, तर भांडवल देऊन थांबू नका. आठवड्यातून एक तास त्यांची वही प्रेमाने ऐका, आणि दुकानातून घरी आलेल्या जिनसांचे पैसे चुकते करा. वडीलधाऱ्यांनी आधी जबाब दिला, तर धाकटे तो आनंदाने देतील.