वणव्याची ओळख : लेखांक ५ – पाचोळ्याची आग

गेल्या आठवड्यात आपण जाळरेषेपाशी थांबलो होतो. उन्हाळा तापायच्या आधीच वनखातं गवताचे पट्टे कापून, वाळवून जाळून टाकतं. पुढे वणवा आलाच, तर तिथे त्याला खायला काही मिळू नये म्हणून. वेळेवर लावलेली आग अवेळी आलेल्या आगीला अडवते, हे खात्यालाही मान्य आहे. मग रेषेच्या आतल्या जंगलाचं काय?

कर्नाटकात चामराजनगर जिल्ह्यातल्या बिळिगिरी रंगन डोंगरांत सोलिगा आदिवासींनी याचं उत्तर पिढ्यान् पिढ्या आचरलं होतं. थंडी सरता सरता, जमिनीत अजून थोडी ओल असताना, ते पाचोळा पेटवून देत. त्यांच्या बोलीत ‘तरगु बेंकी’, म्हणजे पाचोळ्याची आग. ज्वाला बुटक्या, चाल संथ. जाड सालीची झाडं तिला दाद देत नाहीत. मातीतून उष्णता खोल उतरत नाही, त्यामुळे चार बोटं खालची मुळं आणि कंद शाबूत राहतात. एप्रिलचा वणवा निराळा. तोवर पाचोळ्याचा थर साठलेला, कडकडीत वाळलेला असतो, वरून वारा. तेव्हा रोपंही जातात आणि मोठी झाडंही होरपळतात.

१९७४ साली इथे अभयारण्य झालं आणि जाळणं थांबलं. त्यानंतर जंगलात घाणेरी (लँटाना) हे परकं झुडूप माजलं. १९९७ आणि २००८ अशी दोनदा पाहणी झाली, तेव्हा घाणेरी असलेल्या जागा अकरा वर्षांत जवळजवळ दुप्पट झालेल्या दिसल्या. सोलिगा सांगतात, आग बंद झाली म्हणून ही वाढली. उलट अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम या अभ्यासकांनी २००५ मध्ये मांडलं, की आगच घाणेरीला पोसत असावी: ती जळते, पण बुडापासून पुन्हा फुटते, आणि तोवर आजूबाजूची देशी रोपं मेलेली असतात.

मला या दोन म्हणण्यांत भांडण दिसत नाही. दोघं दोन वेगळ्या आगींबद्दल बोलत आहेत. पाचोळ्याची आग घाणेरीची कोवळी रोपं मारू शकते. पण तीच झुडपं वाढून माणसाहून उंच जाळी झाली, की आगीला शेंड्यापर्यंत चढायला शिडी मिळते. म्हणूनच आज तिथे नुसती काडी लावून जुनी रीत परत येणार नाही. आधी घाणेरी मुळासकट काढावी लागेल, मगच आग. ही रीत पानझडी जंगलाची आहे, हेही विसरून चालणार नाही; सह्याद्रीतल्या सदाहरित राईत अशी आग म्हणजे निव्वळ नासाडी.

सोलिगांचं आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. जाळणं थांबल्यापासून आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ वाढलं, असं ते सांगतात. बांडगूळ झाडाचा रस ओढतं, झाड वाळतं. वर्षानुवर्षं आवळे वेचणाऱ्यांच्याच हे नजरेत भरणार. शास्त्रीय अभ्यास त्यांच्या मागून तिथवर पोचले.

२०११ साली या लोकांना सामूहिक वनहक्क मिळाले. मध, आवळा, दगडफूल गोळा करण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३०व्या कलमानुसार अभयारण्यात आग लावायला मात्र बंदीच आहे.