चार मेगाबाइटचा संसार

१९९२च्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी नऊ दिवस मुक्काम ठोकून होतो. पुण्याच्या आमच्या कंपनीने हातात दिलेल्या कागदावर कामाचं वर्णन एका ओळीत होतं: '३८६ मशीन, झेनिक्स, आठ टर्मिनल चालू करून देणे.' त्यातलं 'चालू करून' दोन दिवसांत उरकलं. 'देणे' मात्र पुढचे सात दिवस पुरलं.

मशीन म्हणजे ३३ मेगाहर्ट्झचा पीसी, मेमरी ४ मेगाबाइट, डिस्क ८० मेगाबाइट. एका माणसाने समोर बसून वापरावा म्हणून घडवलेला डबा. त्यावर एकाच वेळी आठ जणांना बसवायचं, ही करामत झेनिक्सची. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९मध्ये युनिक्सला हात घातला तो मिनीकॉम्प्युटरवर. मायक्रोसॉफ्टने एटी अँड टीकडून परवाना घेऊन १९८०मध्ये झेनिक्स या नावाने ते जाहीर केलं आणि कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ ऑपरेशन, म्हणजे स्को, या कंपनीने ते पीसीवर आणलं. १९८५मध्ये इंटेलची ३८६ चिप आली. मेमरीची पानं पाडून प्रत्येक प्रोग्रामला आपापल्या जागेत राखायची सोय तिच्यात होती. आठ पीसी आणि नेटवर्क घेण्यापेक्षा एक ३८६ आणि आठ साधे टर्मिनल घेणं पतसंस्थेच्या खिशाला परवडत होतं.

झेनिक्स यायचं सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर, एकेकीत १.२ मेगाबाइट. पहिलीवर लिहिलेलं असे 'एन १'. ती घालून मशीन चालू केलं की पडद्यावर 'बूट' हा शब्द आणि खाली विसर्गासारखी दोन टिंबं. एंटर दाबायचं आणि फ्लॉपीच्या घरघरीकडे कान लावून बसायचं.

पण त्याआधी एक काम पेटीचं झाकण उघडं असतानाच करावं लागे. डिस्कच्या पाठीवर कारखान्यात चिकटवलेला कागद असायचा: कुठल्या सिलिंडरवर, कुठल्या हेडखाली जागा खराब आहे त्याची यादी. ती वहीत उतरवून घ्यायची, नाहीतर पुन्हा सगळे स्क्रू खोला. 'बॅडट्रॅक' हा प्रोग्राम डिस्कचा एकेक ट्रॅक तपासायचा आणि खराब ट्रॅकच्या बदली राखीव ट्रॅक द्यायचा. आमच्या डिस्कला १,०२४ सिलिंडर आणि ९ हेड, म्हणजे ९,२१६ ट्रॅक. सविस्तर तपासणी लावून मी एसटी स्टँडसमोर मिसळ खाऊन आलो, तरी ती संपली नव्हती. कागदावरचे अकरा ट्रॅक वहीतून बघून हाताने भरले. दोन त्याचे त्यालाच सापडले.

मग 'डिव्ही'. हा डिस्कच्या वाटण्या करणारा प्रोग्राम. एक वाटा खुद्द झेनिक्सला, एक स्वॅपला, उरलेला 'यू' नावाने पतसंस्थेच्या हिशेबाला. हिशेब वेगळा ठेवायचा कारण साधं: उद्या झेनिक्स पुन्हा घालायची वेळ आली तर खातेदारांच्या ठेवींना धक्का लागू नये. स्वॅप म्हणजे मेमरीत न मावणाऱ्यांना तात्पुरतं बसवायचं ओसरीवरचं बाक. मेमरीच्या दुप्पट ठेवायचा प्रघात होता. मी ८ मेगाबाइट दिले.

तिसऱ्या दिवशी केबल. टर्मिनलच्या पंचवीस पिनांपैकी आपल्याला लागायच्या तीनच: २, ३ आणि ७. दोन आणि तीन तिरक्या जोडायच्या, सात सरळ. एकाचं बोलणं ते दुसऱ्याचं ऐकणं. आठ केबलींची चोवीस टोकं मशीनकडची आणि चोवीस टर्मिनलकडची मी रात्री लॉजवर बसून सोल्डर केली. वेग ९,६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. ऐंशी रकाने आणि चोवीस ओळींचा पडदा पूर्ण भरायला दोन सेकंद. तेव्हाच्या साध्या सिरियल कार्डात एकाच अक्षराची जागा. अक्षर आलं किंवा गेलं की कार्ड प्रोसेसरला हाक मारणार, तो हातातलं काम टाकून ते उचलणार किंवा पुढचं देणार. आठही पडदे एकदम भरू लागले की सेकंदाला साडेसात हजारांवर हाका.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला, एकही क्लार्क आला नव्हता तेव्हा, मशीन सुस्त. कुणी वापरत नसताना कसली ही दमछाक? कोण काय करतंय याची यादी काढली, तर सात नंबरच्या लाइनवर लॉगिन विचारणारा 'गेट्टी' सतत मरून पुन्हा जन्माला येत होता. त्या टर्मिनलची केबल अठरा मीटर लांब, ट्यूबलाइटच्या वायरीला खेटून नेलेली, आणि टर्मिनल बंद. झेनिक्सने 'लॉगिन' असं विचारलं की तीच अक्षरं लोंबत्या केबलमधून परत येत. त्याला वाटे, कुणीतरी नाव टाइप केलं. मग तो पासवर्ड विचारे, तोही परत येई. मशीन स्वतःशीच बोलत बसलेलं. केबल भिंतीच्या दुसऱ्या बाजूने नेली आणि काउंटर बंद असेल तेव्हा ती लाइन 'डिसेबल' करायची सवय लावली.

खातेदारांची नावं मराठीत दिसली पाहिजेत, ही चेअरमनसाहेबांची अट होती. त्यासाठी दोन टर्मिनल सी-डॅकच्या जिस्ट तंत्राचे घेतले होते. बचत खात्याच्या ताईंनी पहिला शब्द टाइप केला, 'मराठी'. पडद्यावर उमटलं इंग्रजी एल, ओ, झेड आणि पुढे दोन भलतीच चिन्हं. ताईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांचं आडनाव चुकीचं लिहिलंय.

चूक टर्मिनलची नव्हती, माझी होती. इंग्रजीचं सात बिटांत भागतं. १९९१च्या इस्की प्रमाणात आपली अक्षरं १६१ या आकड्यापासून पुढे बसवली आहेत आणि तिथे पोचायला आठवं बिट लागतं. म म्हणजे २०४. लाइनवर 'आयस्ट्रिप' ही जुनी सेटिंग चालू राहिली होती. ती येणाऱ्या प्रत्येक अक्षराचं आठवं बिट खुडून टाकते. २०४मधून १२८ गेले, उरले ७६, आणि ७६ म्हणजे एल. लाइनला आठ बिटं दिली, आयस्ट्रिप बंद केलं, ताईंना पुन्हा टाइप करायला सांगितलं. या वेळी शब्द दीर्घ ठीसकट आला.

खरं कौशल्याचं काम यानंतर सुरू झालं. कर्नल, म्हणजे झेनिक्सचा गाभा, कशासाठी किती जागा राखतो ते काही आकड्यांवर ठरतं. 'एनबफ' हा त्यातला मुख्य. डिस्कवरून वाचलेला मजकूर मेमरीत धरून ठेवायचे किती कप्पे, ते तो सांगतो. एक कप्पा एक किलोबाइटचा. कप्पे जास्त तर डिस्ककडे खेपा कमी. पण ते त्याच ४ मेगाबाइटमधून निघतात, म्हणजे तेवढी जागा माणसांच्या प्रोग्रामांना कमी. आकडा बदलायचा, 'लिंक झेनिक्स' चालवून कर्नल नव्याने जोडायचा, सगळ्यांना बाहेर काढून मशीन पुन्हा चालू करायचं. त्यामुळे प्रयोगाची वेळ दोनच: जेवणाची सुट्टी किंवा संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर.

मोजायला माझ्याकडे मनगटावरचं घड्याळ होतं. खाते क्रमांक टाकून एंटर दाबल्यापासून नाव दिसेपर्यंत किती सेकंद? सकाळी सहा. संध्याकाळी पाचला, पिग्मी एजंट दिवसभराची वसुली घेऊन आले की अकरा. क्लार्क एंटर दाबून पेन्सिल टेबलावर आपटत बसत. एनबफ २५० होता, ६०० केला. संध्याकाळचे अकरा सेकंद पाचावर आले. मग मला हाव सुटली आणि १,५०० केला. मशीन चालू होताना एकूण मेमरी किती, कर्नलला किती आणि वापरणाऱ्यांना किती, अशी ओळ पडद्यावर येते. वापरणाऱ्यांचा वाटा निम्म्याखाली गेलेला मी त्यात पाहिला आणि तरी पुढे गेलो. त्या संध्याकाळी डिस्कचा लाल दिवा विझलाच नाही. आठही प्रोग्राम ओसरीवरच्या बाकावर ये-जा करत राहिले. नाव यायला वीस सेकंद.

परतीची वाट नेहमी मोकळी ठेवावी लागे. नवा कर्नल बसवला की जुना 'झेनिक्स डॉट ओल्ड' नावाने शिल्लक राही. एका रात्री दोन आकडे एकदम बदलले आणि नवा कर्नल उभाच राहिना, तेव्हा बूटच्या टिंबांपुढे जुन्याचं नाव टाइप करून सुटलो. त्यानंतर एका वेळी एकच आकडा, आणि आधी वहीत नोंद. एनबफ शेवटी ८००वर थांबला.

पण संध्याकाळची गर्दी खऱ्या अर्थाने सोडवली ती मॅनेजरांनी. माझी वही चाळून ते म्हणाले, "सगळे एजंट पाचलाच येतात म्हणून हे होतं ना? मग निम्म्यांना साडेपाचला बोलावू." दुसऱ्या दिवशीपासून नाव तीन सेकंदांत येऊ लागलं. कुठल्याही कर्नलमध्ये हा आकडा नव्हता.

आठव्या दिवशी सकाळी मशीन उठलं ते कण्हत. डिस्क तपासणारा प्रोग्राम एकेक तक्रार सांगत गेला आणि 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये नुसत्या नंबरांच्या नावाने चार अनाथ फायली जमा झाल्या. चौकशी केली. शिपाईमामांनी आदल्या संध्याकाळी, वीस वर्षं करत आले तसं, दिवे-पंखे आणि मेन स्विच बंद करून कुलूप लावलं होतं. लिहिलेलं सगळं झेनिक्स लगेच डिस्कवर नेत नाही. मेमरीत धरून ठेवतं आणि साधारण अर्ध्या मिनिटाने एकदम नेतं. ज्या कप्प्यांचं मला कौतुक, त्यातलाच मजकूर गेला होता. दुपारपर्यंत व्हाउचरांवरून नोंदी पुन्हा भरल्या.

मामांना रागावण्यात अर्थ नव्हता. त्यांना मशीनसमोर बसवलं, बंद करायची आज्ञा दिली आणि पडद्यावर येणारी इंग्रजी ओळ दाखवली: आता वीज बंद करायला हरकत नाही. ते म्हणाले, "मला ते वाचता येत नाही. किती ओळी येतात ते सांगा." मी मोजून सांगितलं. त्यांनी खडूने मेन स्विचवर तेवढ्या आडव्या रेघा ओढल्या.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी पिशवी भरत होतो. मामा मशीनपुढे उभे होते, एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताची बोटं मोजत.